ओव्हर्नच्या काळ्या दगडाविषयी विचारलंत म्हणून

प्रश्न : ताई, मुलगा ल्योंला नोकरीला आहे. जूनमध्ये त्याच्याकडे जातोय. पॅरिस मागच्या खेपेला झालं. तो म्हणतो, या वेळी ओव्हर्नला जाऊ, तिथे ज्वालामुखी आहेत. आम्ही दोघंही पासष्टीच्या पुढचे, त्यात ह्यांचे गुडघे कुरकुरतात. तिथे बघण्यासारखं खरंच काय आहे? आणि ते ज्वालामुखी जागे तर नाहीत ना?

आधी भीतीचं बोलू. ओव्हर्न हा फ्रान्सच्या मध्यभागचा मुलूख. तिथल्या क्लेर्माँ-फेराँ शहराच्या पश्चिमेला ‘शेन दे प्वी’ ही उत्तर-दक्षिण रांग आहे. तिच्यात ऐंशीच्या आसपास ज्वालामुखी आहेत. या मुलखातला सर्वांत अलीकडचा उद्रेक रांगेच्या दक्षिणेला, आज जिथे पाव्हँ सरोवर आहे तिथे झाला, त्याला सुमारे सात हजार वर्षं झाली. भूशास्त्रात ही कालपरवाची गोष्ट, म्हणून अभ्यासक या ज्वालामुखींना मृत न म्हणता सुप्त म्हणतात. तुम्ही मात्र खुशाल जा.

गुडघ्यांची सोय फ्रेंचांनी करून ठेवली आहे. प्वी द दोम हा रांगेतला सर्वांत उंच डोंगर, १,४६५ मीटर. २०१२पासून त्यावर दातेरी रुळांची विजेची गाडी जाते, पंधरा मिनिटांत माथ्याजवळ सोडते. धडधाकट मुलाला हवं तर सेसा खिंडीतून खेचरांच्या जुन्या वाटेने चढू द्या, तासाभरात तुम्हाला वर येऊन भेटेल. अंगात जाड जाकीट असू द्या. जून असला तरी माथ्यावरचा वारा स्वेटरला दाद देत नाही.

वर पोचलेली बहुतेक मंडळी फोटो काढतात आणि पुढच्याच गाडीने उतरतात. मला त्यांची कीव येते. अर्धा दिवस तिथेच काढा आणि शेजारचे डोंगर एकेक करून नीट पाहा. प्रत्येकाचा आकार त्याच्या लाव्ह्याने ठरवलेला आहे. प्वी द दोमला विवरच नाही, कारण त्याचा लाव्हा इतका चिकट होता की वाहू शकला नाही. वर ढकलला गेला आणि तोंडावरच घुमटासारखा थिजला. उत्तरेचा पारियू बघा : त्या मानाने पातळ, वायूंनी भरलेला लाव्हा, उडालेल्या राख-दगडांचा रेखीव शंकू, आणि मधोमध शंभरेक मीटर खोल विवर, आतून संपूर्ण गवताळलेलं. दक्षिणेचे वाश आणि लासोला एका बाजूने फुटलेले, तांबडे. त्यांच्यातून निघालेल्या लाव्ह्याने व्हेर नदीचं खोरं अडवलं आणि एदा सरोवर तयार झालं. पूर्वेला पायाशी क्लेर्माँ आणि लिमान्यचं सपाट मैदान. डोंगर आणि मैदान यांच्यामधला तो मोठा प्रस्तरभंग (जमीन तडकून सरकलेली रेघ) आणि ही रांग मिळून २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

माथ्यावरच रोमन काळातल्या बुध देवाच्या मंदिराचे अवशेष आहेत. १८७३मध्ये तिथे वेधशाळा बांधायला घेतली, तेव्हा ते हाती लागले. आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. हवामानाच्या बातम्यांत आपण ‘हेक्टोपास्काल’ ऐकतो, त्यातला पास्काल क्लेर्माँचा. हवेला वजन असेल तर उंचावर पाऱ्याची उंची कमी भरायला हवी, हा त्याचा तर्क. स्वतः तो पॅरिसमध्ये होता, म्हणून प्रयोगाचं काम मेहुण्याच्या गळ्यात टाकलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काचेची नळी आणि पारा घेऊन या डोंगरावर चढला. खाली मठाच्या बागेत तशीच दुसरी नळी ठेवली होती आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला एका पाद्र्याला बसवलं होतं. वर पारा तीन इंचांहून जास्त उतरला, खालचा जागचा हलला नाही. मला यात सगळ्यात कौतुक वाटतं ते बागेत बसून राहिलेल्या त्या पाद्र्याचं.

दुसऱ्या दिवशी लाँतेजीला जा. तिथे ज्वालामुखीच्या राखखड्यांची खाण होती. खोदता खोदता शंकूचं पोटच उघडं पडलं : लाव्ह्याच्या नळ्या, थरांचे तांबडे-काळे पट्टे, हवेत फिरत पडताना लिंबासारखे आकार घेतलेले दगड. आत फिरवायला छोटी गाडीही आहे. जवळच २००२मध्ये उघडलेलं व्ह्युल्कानिया हे थीम पार्क आहे. बरोबर नातवंडं असतील तर जा, नाहीतर तो वेळ पाव्हँला द्या. सरोवर जवळजवळ गोल आहे, ९२ मीटर खोल, आणि तळाचं पाणी वरच्या पाण्यात कधीच मिसळत नाही. दगड टाकला तर वादळ उठतं अशी जुनी समजूत आहे. काठाने तासाभराची वाट आहे, ती ह्यांना जमेल. या साऱ्या मुलखातल्या सर्वांत उंच साँसी शिखरासाठी (१,८८५ मीटर) रोपवे आहे, पण रोपवे संपल्यावरही बऱ्याच लाकडी पायऱ्या उरतात. तेव्हा ह्यांना वरच्या थांब्यावर कॉफी घेऊन बसवा.

मुक्काम दोनच ठिकाणी करा, आधी क्लेर्माँ, मग माँ-दोर किंवा बेस. रोज सामान बांधत फिरण्याचा हा मुलूख नाही.

प्रश्न : युरोपात चर्च बघून बघून सगळी सारखीच वाटायला लागतात. ओव्हर्नमध्ये इतिहासाचं काही निराळं आहे का?

आहे, आणि तेही दगडामुळेच. क्लेर्माँचं कॅथेड्रल काळं आहे. धुराने काळवंडलेलं नाही, मुळातच काळं. १२४८मध्ये काम सुरू झालं आणि दगड आला जवळच्या व्होल्व्हिक गावच्या लाव्ह्यातून. हा दगड दणकट असल्याने खांब सडपातळ ठेवता आले. सकाळी उशिरा आत जा, रंगीत काचांतून आलेलं ऊन त्या काळ्या खांबांवर पडतं. पहिल्या क्रूसयुद्धाची हाक पोप अर्बन दुसरे यांनी याच शहरात दिली, नोव्हेंबर १०९५मध्ये. तेव्हा हे कॅथेड्रल नव्हतं, एवढं गाइडचं बोलणं ऐकताना ध्यानात ठेवा.

एकच गावचं चर्च बघायचं असेल तर ओर्सिव्हालचं बघा. बाराव्या शतकातलं, दरीत दबून बसलेलं, करड्या लाव्ह्याच्या दगडाचं. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी बेड्या लटकताना दिसतील. सुटका झालेल्या कैद्यांनी नवस फेडायला वाहिलेल्या त्या बेड्या आहेत. आतली मेरीची बैठी मूर्ती आई कमी आणि राणी जास्त वाटते. मांडीवरचं बाळही प्रौढ चेहऱ्याचं.

लढायांची आवड असेल तर क्लेर्माँच्या दक्षिणेला जेर्गोव्हीचं पठार आहे. इ.स.पू. ५२मध्ये व्हर्सिंजेटोरिक्स या गॉल सरदाराने इथे खुद्द रोमन सेनापती सीझरला मागे रेटलं. आपले ४६ शतपती आणि सुमारे सातशे सैनिक पडले, हे सीझरनेच लिहून ठेवलंय, म्हणजे आकडा फुगवलेला नसावा! त्याच वर्षी अलेसियाच्या लढाईत मात्र डाव उलटला, सीझर जिंकला. पठाराखालच्या गावाचं नाव पूर्वी मेर्दोन्य होतं, ते १८६५मध्ये जेर्गोव्ही केलं गेलं. नावं बदलण्याची हौस सगळीकडेच. वर २०१९मध्ये उघडलेलं चांगलं संग्रहालय आहे. शहरातल्या जोद चौकात या सरदाराचा घोड्यावरचा पुतळा आहे, तो बार्तोल्दीचा. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा करणारा शिल्पकार तोच.

ल प्वी-आँ-व्हले मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ज्वालामुखीची राख आणि लाव्हा घट्ट होऊन बनलेला सुळका, ऐंशी मीटरांहून उंच, आणि वर दहाव्या शतकातलं चॅपल. पायऱ्या २६८. गुडघेवाल्यांनी खालून नमस्कार करावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. खेड्यापाड्यांत उपासमार होईल का?

उपासमार नाही, पण विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालू नका. त्रुफाद म्हणजे बटाटा आणि ताजं चीज तव्यावर एकजीव केलेलं. ऐकायला शाकाहारी, पण पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात आणि वर हॅम ठेवतात. हिरवी मसूर ल प्वीची प्रसिद्ध आहे, तीही हॉटेलात बहुधा मांसाबरोबरच शिजते. बाजारातून कोरडी घ्या आणि भाड्याच्या घरात स्वतः शिजवा, सुरेख लागते.

कडक पाळणाऱ्यांसाठी एक कटू बातमी. सँ-नेक्तेर, काँताल, सालेर ही इथली नावाजलेली चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विरजणाने) बनतात. ज्यांना ते चालतं त्यांनी सँ-नेक्तेर घेताना सालीवरची हिरवी खूण बघावी : लंबगोल असेल तर ते शेतावर बनलेलं, चौकोनी असेल तर डेअरीचं. मी लंबगोलाच्या बाजूची.

आणि वेळा सांभाळा. दुपारी दोनच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात. रविवार-सोमवार पुष्कळ दुकानं उघडतच नाहीत.

प्रश्न : गाडी न घेता फिरता येईल?

क्लेर्माँपर्यंत आरामात. पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून साडेतीन तासांच्या आसपास, ल्योंहूनही गाड्या आहेत. पुढे खेड्यांत बस इतक्या कमी की दिवस थांब्यावरच सरेल. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची आहे हे सोबत्याला दर वळणावर बोलून दाखवायला सांगा.

प्रश्न : मी भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बेसॉल्ट आपल्याकडे मुबलक असताना ओव्हर्नला जाऊन नवं काय शिकणार?

आपला बेसॉल्ट भेगांतून आला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, थरावर थर. तिथे तुला एकेक तोंड वेगळं दिसेल, गवताखाली जवळपास जसंच्या तसं. तुला दगडांत रस आहे, म्हणून हेही सांगते : ज्वालामुखीचं शास्त्र वयात आलं ते बऱ्याच अंशी याच डोंगरांत. १७५१मध्ये गेतार नावाचा निसर्गअभ्यासक मुलँ गावातून जात होता. रस्त्यावरचे मैलाचे दगड काळे, सच्छिद्र. कुठून आणले, विचारलं. व्होल्व्हिकहून. तो खाणीपर्यंत गेला, लाव्ह्याचा माग काढत डोंगर चढला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या अकादमीपुढे सांगितलं की फ्रान्सच्या मध्यभागी विझलेले ज्वालामुखी आहेत. गावकरी शतकानुशतकं त्याच दगडाची घरं बांधून राहत होते. १७६३मध्ये देमारे नावाचा दुसरा अभ्यासक तिथे गेला आणि खांबांसारखा दिसणारा बेसॉल्ट लाव्ह्यातूनच बनतो, हे त्याने जागेवर दाखवलं. तोवर तो पाण्यात साठून बनतो असं मानणारेही कमी नव्हते.

तू व्होल्व्हिकला जा, मग ओर्सिव्हालजवळचा तुइलिएर सुळका बघ. तो बेसॉल्ट नाही, फोनोलाइट हा दुसरा ज्वालामुखी खडक आहे, आणि त्याच्या फरश्या निघतात म्हणून लोक त्या घरांवर छपराला घालत. हातात भिंग ठेव. पारियूवर मात्र बांधलेल्या पायऱ्यांवरूनच चढ. बाजूचे राखखडे सैल आहेत आणि इतक्या पायांखाली ते घसरून विवराचा काठ झिजतोय, म्हणूनच त्या पायऱ्या बांधल्या आहेत.