सत्तावीस ट्वीट

"मॅडम, पोरगा त्या सोनू सूदच्या पार नादी लागला आहे. घरात आम्ही कोणीच नाही त्याच्यासाठी."

२०२१ चा ऑक्टोबर होता. नागपुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक आई समोर बसल्या होत्या. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला इथे तेजस म्हणू. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत. आणि सोनू सूद म्हणजे टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना घरी पोचवणारा तो नट.

ही काळजी घेऊन पालक नेहमी येतात. नाव तेवढं बदलतं. कधी नट, कधी क्रिकेटपटू, कधी यूट्यूबवरचा कोणी दानशूर. बहुतेक वेळा माझं उत्तर एका वाक्याचं असतं: असू द्या. नावाजलेल्या माणसाच्या दानतीवर जीव जडणं हा काही आजार नाही. माझ्या वडिलांचा पुलंवर जडला होता. १९८६ साली पुल आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले आणि त्यातून पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, हे त्यांनी आम्हाला जेवताना शंभरदा ऐकवलं असेल. दाराशी कोणी मागायला आलं की मात्र आईला म्हणत, "दे गं काहीतरी." स्वतः पाटावरून उठत नसत. आम्ही काही त्यांना समुपदेशकाकडे नेलं नाही.

तेजसचं मात्र थोडं वेगळं होतं. सप्टेंबरमध्ये सोनू सूदवर आयकर खात्याची कारवाई झाली. वीस कोटींहून जास्त कर चुकवल्याचा आरोप झाला. त्याच्या संस्थेने त्या वर्षी जमवलेल्या १८.९४ कोटींपैकी १.९ कोटीच खर्च झाले, असंही खात्याने सांगितलं. संस्थेतला प्रत्येक रुपया गरजूपर्यंत जायची वाट बघतो आहे, असं सूदचं उत्तर होतं. ती बातमी वाचून मामा जेवता जेवता म्हणाले, "घे, हा तुझा देव!" तेजसने ताट सारलं ते भिंतीपर्यंत गेलं. त्यानंतर मामाशी बोलणं बंद, ऑनलाइन तासांना बसणं बंद. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाइलवर अनोळखी लोकांशी भांडणं.

"आणि मॅडम, त्याचा फोटो पेपरातून कापून लॅमिनेट करून आणला. ह्यांच्या फोटोशेजारी लावला आहे."

'ह्यांच्या' म्हणजे तेजसच्या वडिलांच्या. ते एप्रिलमध्ये कोरोनाने गेले होते. हे मला वीस मिनिटांनंतर आणि असं ओघात कळलं.

तेजस आला तो तयारीनिशी. वकील बाजू मांडतो तसं त्याने सुरू केलं. मे २०२० मध्ये ठाण्याहून गुलबर्ग्याला निघालेल्या दहा बसेस. केरळमध्ये अडकलेल्या ओडिशाच्या मुलींसाठी विमान. जुहूचं स्वतःचं हॉटेल डॉक्टर-नर्सना राहायला दिलेलं. "आणि तो आपल्या नागपुरात शिकला आहे, मॅडम. वायसीसीई कॉलेज. इलेक्ट्रॉनिक्स." मी मधे बोलले नाही. आधीच्या आठवड्यात घरातले सगळे हेच खोडत बसले होते. आणखी एका बाईने तेच केलं असतं तर तो दुसऱ्यांदा आलाच नसता. त्याची झोप-जेवण विचारलं, जीव नकोसा वाटतो का हेही सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट असलाच तर बोलायला वाट मिळते. तो "नाही" म्हणाला, आणि ते खरं वाटलं.

निघताना विचारलं, "एवढ्या सगळ्यातलं तुला सर्वांत जास्त काय आवडतं?"

"तो रिप्लाय देतो, मॅडम. कोणालाही."

बसेस नाहीत, विमान नाही. रिप्लाय. मी वहीत तेवढाच शब्द लिहिला.

दरम्यान मामांना एकदा बोलावलं. माणूस वाईट नव्हता. बहिणीचं घर सावरायला धडपडत होता आणि भाच्याला 'जमिनीवर आणायचं' होतं. त्यांना म्हटलं, सगळं प्रसिद्धीसाठी असतं, हे तुमचं खरं असेल किंवा नसेलही. पण मुलगा ज्याला मानतो त्याच्यावर थुंकलं की तो माणूस लहान होत नाही, मुलगा एकटा पडतो. त्याने कोणाला पैसे पाठवलेत का, एवढं जरूर बघा. सूदच्या नावाने लोकांना लुबाडणारे भामटे होतेच, खुद्द त्यानेच तसं सावध केलं होतं. बाकी महिनाभर त्या नटाचं नाव घरात काढू नका. मामांनी पाळलं. आईंना जमलं नाही, पण त्या फोटोला हात लावायच्या थांबल्या.

तिसऱ्या भेटीत तेजसने मलाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? त्याने चोरी केली असेल?"

"मला माहीत नाही. ते ठरवणं माझं काम नाही. कराचं काहीही निघालं तरी त्या बसमधून गेलेले लोक घरी पोचले, ते काही पुसलं जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात."

तो बराच वेळ बुटाची लेस ओढत बसला. मग म्हणाला, "मला नव्हता दिला."

एप्रिलमधल्या त्या रात्री वडिलांचा ऑक्सिजन ७८ वर आला होता. शहरात खाट मिळेना. तेजस गच्चीवर जाऊन सोनू सूदला टॅग करून ट्वीट टाकत राहिला. रात्री अकरा ते पहाटे पाच, सत्तावीस ट्वीट. तिसऱ्या दिवशी कुठून तरी खाट मिळाली आणि पाचव्या दिवशी वडील गेले. दहाव्यानंतर त्याने ते ट्वीट पुन्हा वाचले, तर पहिल्यातच दिलेला मोबाइल नंबर नऊ आकडी होता.

"त्यांनी फोन लावला असेल, मॅडम. लागला नसेल."

सहा महिने हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. आता ते ताट भिंतीपर्यंत का गेलं ते कळलं. तो माणूस सगळ्यांना उत्तर देणारा देव असेल तर चूक तेजसच्या बोटांची. आणि मामा म्हणतात तसा तो ढोंगी असेल, तर त्या रात्री वडिलांजवळ बसायचं सोडून गच्चीत घालवलेले सहा तास वाया. दोन्हीकडून मार तेजसलाच.

"तुझी चूक नाही रे," हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. ते त्याला कोणीही दिलं असतं आणि त्याने घेतलं नसतं.

चौथ्या भेटीत आम्ही सत्तावीस ट्वीट एकेक करून वाचले. नऊ आकडी नंबर पहिल्या चारांत होता. उरलेल्या तेवीसांत बरोबर. हे त्याने पाहिलंच नव्हतं. पहिला वाचून तो प्रत्येक वेळी मोबाइल बंद करायचा.

मग मी सूदनेच टाकलेले दोन निरोप पुढे ठेवले. पहिला ऑगस्ट २०२० चा, एका दिवसात मदतीसाठी आलेल्या संदेशांचा हिशोब: १,१३७ मेल, फेसबुकवर १९,०००, इन्स्टाग्रामवर ४,८१२, ट्विटरवर ६,७४१. सगळ्यांपर्यंत पोचणं माणसाच्या हातात नाही, कोणी राहून गेलं असेल तर माफ करा, असंही त्यात होतं. दुसरा एप्रिल २०२१ चा, म्हणजे तेजसच्याच महिन्यातला. ५७० खाटा मागितल्या, ११२ मिळाल्या. रेमडेसिव्हिरची १,४७७ इंजेक्शनं मागितली, १८ मिळाली. आम्ही कमी पडलो, अशी कबुली खाली.

इंजिनीअरिंगचा मुलगा. त्याने न सांगता माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि बेरीज केली. ३१,६९०. "एका मेसेजला एक मिनिट धरलं तरी पाचशे अठ्ठावीस तास." आणखी एक भागाकार. "बावीस दिवस. न झोपता. आणि हे एका दिवसाचे."

त्या कागदावर मी काही लिहिलं नाही. तो त्यानेच घडी करून खिशात टाकला.

त्या दिवशी तो पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलला. ते चहा बशीत ओतून प्यायचे आणि ताप चढल्यावरही बशीच मागत होते. मधेच रडला, मधेच हसला. नंतर आणखी पाच भेटी झाल्या. झोप हळूहळू रुळावर आली, परीक्षेत एक विषय राहिला. फोटो भिंतीवरच आहे, असं आई सांगत होत्या, आणि मीही तो काढायला सांगितलं नव्हतं.

(मूल जेवत-झोपत नसेल, कोणाशीच बोलत नसेल, तर माझ्यासारखीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आता आहे. त्या एप्रिलमध्ये तोही नव्हता.)

चौथ्या भेटीत निघताना दारात चपला घालता घालता तो थांबला होता.

"मॅडम, त्या एकशे बारा जणांतला शेवटचा कोण असेल?"

"माहीत नाही."

"त्यानेपण रात्रभर ट्वीट केले असतील ना?"

"केले असतील."

"वाचला असेल का त्याचा माणूस?" असं म्हणून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खाली रिक्षात आई थांबल्या होत्या, त्यांनी हाक मारली.