गाय व्याल्यावर वार अडकते, सेलेनियमचं इंजेक्शन द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की सलग दोन वेतं गायीची वार (वासरानंतर पडणारी जार) अडकली, आणि शेजारी म्हणतात सेलेनियम-ई चं, म्हणजे सेलेनियम हे खनिज आणि व्हिटॅमिन ई यांचं, इंजेक्शन मारा. मी हिंगण्याकडे गायी पाळतो, हेच माझ्या कोठ्यात झालं होतं म्हणून सांगतो.

इंजेक्शन द्या, पण डॉक्टरच्याच हातून, व्यायच्या साधारण तीन आठवडे आधी. पण भाऊ, आटवल्यावर गायीला खाऊ काय घालता ते आधी बघा. आपल्याकडे दूध बंद झालं की ढेप बंद, हिरवं सगळं दुधाच्या गायीला आणि गाभणीपुढे नुसतं सोयाबीनचं कुटार नाहीतर तणस, माझंही तेच चालू होतं, त्यात नागपूरचा मे महिना. व्हिटॅमिन ई ताज्या हिरव्या चाऱ्यात भरपूर असतं, चारा उन्हात वाळवून महिनोन्महिने गंजीत ठेवला की बरंचसं उडून जातं, आणि पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते याच शेवटच्या दोन महिन्यांत.

वार सुटते ती वजनाने नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला गर्भाशयापासून सोडवतात, आणि त्या पेशींना सेलेनियम आणि ई दोन्ही लागतात. कासदाहाशी लढतात त्याही याच पेशी. माझी जर्सी क्रॉस जूनमध्ये व्याली, दुसऱ्या दिवशीही वार लोंबतच होती, तिसऱ्या दिवशी असा वास की कोठ्यात उभं राहवेना. एकजण म्हणाला वीट बांधून दे. असं कधीच करू नका, ओढूही नका, आत इजा होते. ती गाय पुढे पाच महिने माजावर आली नाही.

आता मी गाभणीला रोज मका नाहीतर नेपियर देतोच, वर ५० ग्रॅम मिनरल मिक्सचर. पोतं घेताना त्यावर सेलेनियम लिहिलंय का ते वाचा, सगळ्यात नसतं. चारा पूर्ण सुकाच असेल तर गाभण गायीला दिवसाला १००० युनिटच्या आसपास व्हिटॅमिन ई लागतं, ते वेगळं द्यावं लागतं.

सेलेनियम मात्र किती कमी लागतं बघा, किलोभर कोरड्या खाद्यामागे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलो खाणाऱ्या गायीला दिवसाला ३ मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. म्हणून एका इंजेक्शनाने फरक पडला तर दोन मारू असं करू नका, जास्त झालं की ते विष आहे. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडे काही जमिनींतच सेलेनियम जास्त आहे, तिथला चारा खाऊन जनावरांचे खूर फाटतात, शेपटीचे केस झडतात.

अजून एक, गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडून मग वार अडकली असेल तर ते वेगळं प्रकरण असू शकतं. ब्रुसेलाची (गाभडवणारा जंतू) तपासणी करून घ्या, नागपुरात सेमिनरी हिल्सच्या वेटरनरी कॉलेजात विचारा, आणि तोवर त्या वारेला उघड्या हाताने शिवू नका, माणसालाही लागण होते. तुमची आत्ता कितव्या महिन्यात आहे ते कळवा.