माठ, टॅब आणि सातवीची लेकरं

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात जि.प. शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. डिजिटल प्रकल्प घ्या म्हणतात, पण लेकरं युट्यूबवरचा ज्वालामुखी जशाला तसा करून आणायलेत. शाळेत टॅब दोनच, नेटचा भरवसा नाही. यांचं स्वतःचं डोकं चालावं म्हणून काय करू?

उत्तर : ताई, ज्वालामुखीत सोडा आणि व्हिनेगर टाकलं की फेस येणार हे आधीच माहीत असतं, मग लेकरानं विचार करायचा कशाचा? टॅब बघायला देऊ नका, मोजायला आणि नोंदी ठेवायला द्या.

आम्ही मार्चमध्ये माठ घेतला होता. एक नवा माठ, एक चार वर्षं वापरलेला, शेजारी स्टीलची बादली, तिन्हीत सारखंच पाणी. पाण्याचं तापमान काही टॅबला मोजता येत नाही, म्हणून साधा थर्मामीटर सोडला आणि दर अर्ध्या तासाला त्याचा फोटो काढला, फोटोच्या माहितीत वेळ आपोआप नोंदली जाते त्यामुळं कुणाचा आकडा खरा यावरून भांडण नाही. मग एक्सेलमध्ये आलेख, त्याला नेट लागत नाही. नवा माठ चांगला गार झाला, जुना मात्र मधेच अडकला. कामून? मला उत्तर माहीत होतं तरी मी गप्प बसलो, आणि खरं सांगतो ताई, ते गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं. एक मुलगी माठावरून बोट फिरवून म्हणली, सर हा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, यानंच भोकं बुजली असतील. पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, क्षारांनी छिद्रं बुजली की पाझर कमी, म्हणजे तिचं बरोबरच होतं. पण तिला ते सिद्ध करायचं होतं, मग दुकानातून वजनकाटा आणला, सकाळ-संध्याकाळ वजन केलं, तर जुन्या माठाचं वजन कमी घटलेलं! दुसऱ्यानं बादलीलाच ओलं पोतं गुंडाळलं. यातलं काहीच मी सांगितलेलं नव्हतं.

मार्क देताना मॉडेल किती चकाचक ते बघू नका, प्रश्न कुणाचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली का ते बघा. फसलेल्या प्रयोगाच्या नोंदींनाही मार्क द्या.

फायफॉक्स नावाचं जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं अ‍ॅप फुकट आहे, एकदा घेतलं की नेटशिवाय आवाज मोजता येतो. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी घ्या : एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे सांगा, आणि शाळेचा पत्रा मोजून त्यावरून किती लिटर पाणी मिळेल ते लेकरांनाच काढू द्या.