पीसीवर उबंटू (लिनक्स) टाकल्यावर लोगो दिसतो आणि मग स्क्रीन काळीच राहते, काय करू?

आधी मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डालाच लावलीय ना ते बघ, हसू नकोस, मी स्वतः ग्राफिक कार्ड असताना एचडीएमआय मदरबोर्डला लावून अर्धा दिवस घालवलाय. केबल बरोबर असेल तर बहुतेक ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा घोळ आहे. पीसी चालू करताना एस्केप दाब (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेव), ग्रबचा मेनू (कोणती सिस्टीम चालू करायची ते विचारणारा) आला की उबंटूवर उभं राहून ई दाब, लिनक्स (linux) शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल तिच्यात क्वाएट स्प्लॅश (quiet splash) असतं, त्याच्यानंतर स्पेस देऊन नोमोडसेट (nomodeset) टाइप कर, सगळं इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये आणि मधे स्पेस न देता, मग एफ१०. डिस्प्ले ढोबळ दिसेल, रिझोल्यूशन कमी, पण दिसेल तरी.

हे फक्त त्या एका बूटपुरतंच असतं बरं का. आत गेलास की अॅडिशनल ड्रायव्हर्स उघड, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर निवड आणि रीस्टार्ट. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटच्या वेळी अडवणारी सोय) चालू असेल तर मधे पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके (Enroll MOK) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत कंटिन्यू बूट दाबलंस तर ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि लोक परत फॉरमॅट मारत बसतात.