फिगर स्केटिंगमध्ये शॉर्ट प्रोग्रॅमला १७वा आलेला स्केटर स्पर्धेत राहतो कसा?

राहतो, कारण वैयक्तिक गटात ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅम या पहिल्या फेरीनंतर पहिले २४ जण फ्री स्केट या दुसऱ्या, मोठ्या फेरीला जातात आणि शेवटी दोन्हींच्या गुणांची बेरीज होते. क्रमांकांची नव्हे, गुणांची; सगळी मेख इथेच आहे. शॉर्ट साधारण २ मिनिटं ४० सेकंदांचा, त्यात ठरलेले सात घटक. एक उडी फसली तर भरपाईला जागा उरत नाही. फ्री ४ मिनिटांचा, म्हणून तिथे गुणही बरेच जास्त. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा नेथन चेन शॉर्टमध्ये ८२.२७ गुणांवर अडकून १७वा होता. फ्रीमध्ये सहा चौपट उड्या (हवेत चार गिरक्यांच्या) घेऊन त्याने २१५.०८ मिळवले, त्या दिवशीचे सर्वाधिक, आणि थेट पाचवा आला. पदक मात्र हुकलंच.

फ्रीला सहा-सहांचे गट करतात, शॉर्टमधले पहिले सहा शेवटच्या गटात. प्रत्येक गटाला आधी सहा मिनिटं सराव मिळतो. (गटातला पहिला स्केटर सराव संपल्यावर बर्फावरच थांबतो, सहावा मात्र बूट सैल करून बराच वेळ ताटकळतो.) बेरीज सारखी आली तर ज्याचा फ्री सरस तो वर.

हे आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या नियमांप्रमाणे आहे. फक्त २४चा आकडा सगळीकडे लावू नका: जोडी आणि आइस डान्सची मर्यादा वेगळी असते, आणि ग्रां प्री या स्पर्धामालिकेत मुळात बाराच्या आसपासच स्केटर असल्याने गाळणी लागतच नाही.