बॅटरी नवी, तरी गाडी उठत नाही

प्रश्न : सात वर्षे वापरलेली एक पेट्रोल गाडी मी चार महिन्यांपूर्वी विकत घेतली. रोज चालवली तर काही तक्रार नसते. पण दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. नवी बॅटरी बसवली, तरी तीन आठवड्यांत पुन्हा तेच झाले. आता गॅरेजमध्ये अल्टरनेटर बदलायला सांगत आहेत. बदलावा का?

उत्तर : तूर्त बदलू नये. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारे यंत्र. रोज चालवल्यास गाडी सुरू होते, याचा अर्थ बॅटरी चार्ज होत असण्याचीच शक्यता अधिक आहे. इंजिन चालू असताना हेडलाइट लावून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजणारे मीटर) धरा, साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर चार्जिंगचा प्रश्न नाही. त्याच वेळी टर्मिनलांवर पांढरट-हिरवट थर साचला आहे का आणि पकड हाताने हलते का, हेही पाहून घ्या.

तुमची नवी बॅटरी एव्हाना अनेकदा पूर्ण उतरलेली असणार, आणि अशा बॅटरीला ते मुळीच मानवत नाही. म्हणून आधी ती चार्जरवर पूर्ण भरून घ्या. काही तास विश्रांती दिल्यानंतर सुमारे 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. मग ऋण टर्मिनलची तार काढून गाडी तीन दिवस तशीच ठेवा. तार पुन्हा जोडताच इंजिन झटक्यात सुरू झाले, तर बॅटरी निर्दोष आहे आणि गाडीच तिला उभ्या उभ्या रिकामी करते आहे. ही चाचणी फुकट आहे, आणि तरीही ती सहसा कोणी करत नाही.

गळती किती आहे हे मोजण्यासाठी मीटर 10 अँपिअरच्या जागी लावून ऋण टर्मिनल आणि त्याची तार यांच्यामध्ये जोडा. दारे बंद करा, किल्ली दूर ठेवा आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जायला वेळ घेतात. या काळात सेल्फ मात्र चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. शेवटी आकडा 50 मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला, तर ठीक. तो 300 असेल, तर दिवसाला सुमारे 7 अँपिअर-तास खर्ची पडतात आणि 45 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ निम्मी होते. ती मुळात पूर्ण भरलेली नसेल, तर ‘टक्’ ऐकू येणारच.

आता एकेक फ्यूज काढत मीटरकडे पाहा. ज्या फ्यूजने आकडा एकदम खाली येतो, त्याच्याच वाटेवर चोर आहे. वापरलेल्या गाडीत माझा पहिला संशय आधीच्या मालकाने बसवून घेतलेल्या वस्तूंवर असतो. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला दोन तारा लागतात : एक घड्याळ व स्मृती जपण्यासाठी कायम चालू राहणारी, दुसरी किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. घाईत दोन्ही कायमच्या तारेला जोडल्या, तर स्टिरिओ कधी झोपतच नाही. ट्रॅकर, अलार्म किंवा अँप्लिफायर यांच्या तारा पुष्कळदा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात, त्यामुळे फ्यूजपेटीत त्या सापडत नाहीत. बॉनेटखाली त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. डिकीतला दिवा झाकण बंद केल्यावरही जळतो का, हे पाहायला मोबाइलवर चित्रण सुरू करून तो आत ठेवावा.

एवढे करूनही आकडा हलला नाही, तर बॅटरीची ऋण तार काढून अल्टरनेटरची जाड तार सोडवा, तिचे टोक टेपने झाका आणि पुन्हा मोजा. आकडा आता खाली आला, तर अल्टरनेटरमधल्या डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) विद्युत्प्रवाह उलटा गळतो आहे. तसे निघाल्यास गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर ठरेल, मात्र दुरुस्ती नुसत्या डायोडवर भागते का, हे त्यांना आधी विचारा.