बाबांचा बीटामॅक्स आणि काकांचा टोमणा

प्रश्न : बाबा १९७६ साली शिकागोत नोकरीला होते, तिथे त्यांनी हौसेने बीटामॅक्स, म्हणजे टीव्ही कॅसेटवर रेकॉर्ड करायचा व्हिडिओ रेकॉर्डर, घेतला. मशीन तिकडेच राहिलं, पण परवा घर आवरताना माळ्यावर बारा कॅसेट सापडल्या, एकीवर बाबांच्या अक्षरात 'दिवाळी ८२' लिहिलंय. काका अजून म्हणतात की तुझ्या बाबांनी घाई केली, थांबून त्याच्याशी स्पर्धा करणारा व्हीएचएस घ्यायचा होता. बीटाचं पिक्चर तर भारी होतं म्हणतात, मग तो मागे का पडला? आणि या कॅसेट आता कशा बघायच्या?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काकांना आधी हे सांगा की १९७६ ला अमेरिकेत थांबून घ्यायला दुसरं होतं काय? सोनीचा बीटामॅक्स १९७५ ला बाजारात आला, जेव्हीसीचा व्हीएचएस जपानात आला १९७६ च्या शेवटी आणि अमेरिकेच्या दुकानांत १९७७ मध्ये. घरबसल्या टीव्ही रेकॉर्ड करायचा तर तेव्हा बीटामॅक्सच, आणि तोही १,३०० डॉलरच्या आसपास, म्हणजे बाबांनी किती मनापासून घेतला असेल बघा.

आता पिक्चरचं. बीटा साधारण २५० लाइन दाखवायचा (लाइन जितक्या जास्त तितकं चित्र स्पष्ट), व्हीएचएस २४०, आणि त्या काळच्या टीव्हीवर हा फरक शेजारी शेजारी लावून बघितला तरी डोळे ताणावे लागायचे. खरी गोची वेळेची होती. बीटाच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावायचा, म्हणजे टायमर लावून ऑफिसला गेलात आणि सिनेमा दोन तासांचा असेल तर संध्याकाळी घरी येऊन अर्धाच बघायचा, शेवट गेला तो गेलाच. व्हीएचएसची कॅसेट थोडी मोठी, टेप जास्त, त्यामुळे दोन तास आरामात. त्यात आरसीए या अमेरिकन कंपनीला व्हीएचएस अमेरिकेत विकण्यासाठी चार तास हवे होते कारण तिथली फुटबॉल मॅच तीन तासांच्या पुढे जाते, मग व्हीएचएस बनवणाऱ्या मात्सुशिता या जपानी कंपनीने टेपचा स्पीड निम्मा करून ते जमवलं. सोनीनेही स्पीड कमी करून दोन तास केले, पण स्पीड कमी केला की पिक्चरही उतरतं, म्हणजे जे भारी पिक्चर आपण ऐकतो ते मुख्यतः पहिल्या एक तासवाल्या स्पीडचं, आणि तिथे विकल्या जाणाऱ्या नंतरच्या बहुतेक मशीनवर तर त्या स्पीडला रेकॉर्डिंगच होत नव्हतं.

बाकी मग व्हायचं ते झालं. व्हीएचएस बनवणाऱ्या कंपन्या जास्त, मशीन स्वस्त, भाड्याच्या दुकानात कॅसेट त्याच्याच जास्त, आणि दुकानात कॅसेट दिसतात म्हणून लोक मशीनही तेच घेणार. १९८८ ला सोनीनेच व्हीएचएस काढला.

पण एक गोष्ट काकांना नक्की ऐकवा. १९७६ ला युनिव्हर्सल आणि डिस्नेने सोनीवर केस टाकली ती या बीटामॅक्सवरूनच, घरी टीव्ही रेकॉर्ड करणं म्हणजे कॉपीराइट मोडणं असं त्यांचं म्हणणं. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. तिथल्या प्रत्येक व्हीएचएसवाल्याला हा हक्क मिळाला तो बीटामॅक्सवर चाललेल्या केसमुळे. बाबांसारख्यांनी आधी घेतलं नसतं तर भांडायला मुद्दाच नव्हता.

आता कॅसेट. कुठेही लावायच्या आधी उजेडात धरून कॅसेटवरच्या पारदर्शक खिडकीतून टेपची कड बघा, पांढरे ठिपके किंवा पूड दिसली तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास धरते, तशी टेप मशीनमध्ये घातली तर हेडही (टेप वाचणारा भाग) खराब आणि पुढची कॅसेटही. ती आधी साफच करून घ्यावी लागते. व्हीएचएसच्या मशीनमध्ये या बसणारच नाहीत. डिजिटल करून देणारे कोणी 'आमच्याकडे बीटाकॅम आहे' म्हणाले तर नको म्हणा, ते टीव्ही स्टेशनचं, दिसायला कॅसेट तशीच पण रेकॉर्डिंगची पद्धत वेगळी. अमेरिकेतल्या टेप म्हणजे तिथल्या टीव्ही सिग्नलची पद्धत एनटीएससी, आपल्याकडची पद्धत पाल, म्हणून फोनवरच विचारा की एनटीएससी चालणारा बीटामॅक्स आहे का. आणि हो म्हणाले तरी पहिल्यांदा 'दिवाळी ८२' देऊ नका, टीव्हीवरून उतरवलेली एखादी द्या, ती नीट परत आली की मग ही.